बाबा बोलावून राहिले

फोन टेबलावर पालथा ठेवलेला होता, तरी त्याच्या थरथरण्याने शेजारचा स्टीलचा पेला हलला, पेल्यातलं पाणी हललं, आणि समोर सतरंजीवर बसलेल्या सगळ्या बायकांनी ते पाहिलं. अंजूचं वाक्य नुकतंच संपलं होतं. "निवड खातं या महिन्याच्या शेवटी बंद होते आहे." हे वाक्य तिने किती दिवस तोंडात घोळवलं होतं. स्कूटीवर, कुकरची शिट्टी होईपर्यंत ओट्याशी उभी असताना, पोरीची वेणी घालताना. बंद होण्याची शक्यता आहे असं नाही, विचार चालू आहे असं नाही, बंद होते आहे. ते वाक्य आता बोलून झालं होतं आणि त्याच्यामागून यायची ती शांतता आली होती, आणि त्या शांततेत मेला हा फोन. तिने तो उलटा केला. अमर. अमर असा भर दुपारी कधी फोन करत नसे. त्याचा फोन रात्रीचा, जेवणं आटोपल्यावर, धान किती झालं, बाबांचा खोकला कसा आहे, पोरगी काय करते, बस. "एकच मिनिट हं," असं बायकांना म्हणून ती उठली आणि बॉयलरकडच्या दारात जाऊन उभी राहिली. तिथे उकडलेल्या धानाचा तो कोंदट, गोडसर वास होता. राईस मिलच्या ऑफिसात इतकी वर्षं काढूनही तिला तो वास भुकेसारखा वाटायचा.

"ताई, बाबाले सकाळपासून दम लागून राहिला," अमर म्हणाला. "डॉक्टर येऊन गेला. आता हलवाची हालत नाही म्हणते. तुले बोलावून राहिले. निघ तू."

"शुद्धीवर आहेत का?"

"आहेत ना. बोलून राहिले. अंजू आली का म्हणते. तू निघ. लवकर निघ, ताई."

"हो," ती म्हणाली, आणि फोन ठेवता ठेवताच तिला कळलं की बाबा गेले.

तिला ते कळलं याचं तिला नवलही वाटलं नाही. त्यांच्याकडे माणूस फोनवर मरत नाही. फोनवर तो बिमार असतो, दम लागलेला असतो, तुमची आठवण काढत असतो, तुमच्या हातचं दोन घास खाईन म्हणत असतो. मरायला तो तुम्ही अंगणात पाय ठेवेपर्यंत थांबतो. तिच्या माहेरी, बपेऱ्यात, हे कुणी कुणाला शिकवत नाही, पण सगळ्यांना येतं. लेक लांबून यायची, एकटी बसमध्ये बसायची, रस्त्यात चक्कर येऊन पडली तर कोण पाहील; तेव्हा तिला वाटेवरच्या मोहाडीपर्यंत, तुमसरपर्यंत, सिहोऱ्यापर्यंत बाप जिवंत ठेवायचा. तेवढी माया माणसं करतातच. शेजारच्या चंद्रभागाकाकीचा तर या कामात हातखंडा होता. अर्ध्या गावाच्या लेकीबाळींना तिने असं गोड बोलून माहेरी आणलेलं होतं, आणि आल्यावर पहिला हंबरडाही तिनेच फोडलेला होता.

आईच्या वेळी फोन खुद्द बाबांचा होता. "सुलोचना बोलावून राहिली तुले. अंजूच्या हातचा मऊ भात खाईन म्हणते." आणि अंजूने भात लावला होता. जुना तांदूळ काढून, वरून तूप सोडून, डबा टॉवेलात गुंडाळून ती बसमध्ये बसली होती आणि मांडीला त्याची ऊब लागत होती. सिहोऱ्याला बस थांबली तेव्हा तिने हात लावून पाहिलं होतं, अजून गरम आहे, आईला आवडेल. मग अंगणात खांद्यावर दुपट्टे टाकून खाली माना घालून बसलेली माणसं दिसली. कुणीतरी बाईने तिच्या हातातून डबा हळूच काढून घेतला. त्या भाताचं पुढे काय झालं तिने कधी विचारलं नाही. पण त्या दिवशी आपल्याला वेड्यात काढलं गेलं, सगळं गाव मिळून आपल्याला भात घेऊन येताना पाहत होतं, ही गोष्ट तिच्या मनातून गेली नाही. तेराव्याला ती अमरला गोठ्यामागे गाठून बोल बोल बोलली होती. मी काय लहान आहे, मला खरं सांगितलं असतं तर मी मेले असते का, त्या बसमध्ये मी काय काय ठरवत होते तुला माहीत आहे का. अमर पायाच्या अंगठ्याने चिखल खरवडत ऐकत राहिला होता. तो तसाही कमी बोलणारा. उत्तर बाबांनी दिलं होतं, ओसरीवरून, तिच्याकडे न पाहता: "रस्त्यात रडू द्याचं का तुले, बेटी?"

म्हणून तर नागपूरच्या हॉटेलात कंपनीने ते दोन दिवसांचं प्रशिक्षण ठेवलं तेव्हा बाकीचे जेवणाची वाट पाहत जांभया देत होते आणि अंजू एकटी कान देऊन ऐकत होती. जुन्या शेठजींनी मिल विकली होती आणि नव्या कंपनीला सगळं बदलायचं होतं. शिकवायला आलेला माणूस म्हणत होता, वाईट बातमी आधी सांगा, पाणी घालून पातळ करू नका. मग कारण सांगा. मग खुर्ची सोडू नका. ज्याला बोलायचं आहे त्याचं बोलून होईपर्यंत बसा, कारण बातमी सांगून पळणाऱ्यावर कुणी पुन्हा विश्वास ठेवत नाही. अंजूला वाटलं होतं, हा माणूस माझ्या आईच्या मातीला हजर होता की काय. ती परत आली ती भारावूनच. साहेबांचं म्हणणं होतं की बायकांना इतक्यात काही बोलायचं नाही, मशीन बसू द्या, मग बघू. काळा दाणा कॅमेऱ्याने हेरून हवेने उडवणारं मशीन. ते बसल्यावर सुपं घेऊन बसलेल्या बायकांना कळायचं काय राहणार होतं? ती साहेबांशी भांडली होती. साहेब शेवटी कंटाळून म्हणाले, सांगा तुम्हीच, पण मग तुम्हीच निस्तरा. निस्तरते, ती म्हणाली होती. आयुष्यात पहिल्यांदा आपल्याला एखाद्या गोष्टीवर पूर्ण विश्वास आहे असं तिला त्या दिवशी वाटलं होतं.

आणि आता ती बॉयलरच्या दारात उभी होती आणि आत सतरंजीवर त्या बायका बसल्या होत्या. निघावं का? पर्स उचलावी आणि निघावं. पण हे वाक्य टाकून मध्येच उठून गेलेली मॅडम. त्या काय म्हणतील? आग लावून पळाली म्हणतील. आणि बाबा तर गेलेच. गेलेल्या माणसाला घाई नसते. लेक आल्याशिवाय माती उचलत नाहीत, बपेऱ्यात तर नाहीच. माती दिवस बुडायच्या आत झाली म्हणजे झालं, तोवर आपण पोचतोच. हा हिशेब तिच्या डोक्यात इतका शांतपणे झाला की तिला स्वतःचीच भीती वाटली. रडू येत नव्हतं. उलट एक बरंही वाटत होतं: या वेळी मी फसले नाही. या वेळी भाताचा डबा नाही. तिने नवऱ्याला, योगेंद्रला, मेसेज केला, बाबा गेले, मी संध्याकाळपर्यंत पोचते. पाणी न घालता. त्याचा लगेच उलट मेसेज आला, पोरीची शाळा सुटली की तिला घेऊन मी मागून येतो, अमरला फोन करू का? तिने लिहिलं, नको, आत्ता तिथे कुणाला बोलायचं सुचत असेल. मग तिने फोन गप्प करून पर्समध्ये टाकला, तोंडावरून पदर फिरवला आणि आत येऊन पुन्हा खुर्चीवर बसली.

"मॅडम, घरचा फोन होता का?" पुढच्या रांगेतल्या ललिताबाईने विचारलं. निवड खात्यात तीच सगळ्यात जुनी. "चेहरा उतरला तुमचा."

"नाही हो. साधाच होता," अंजू म्हणाली. "विचारा तुम्ही. काय वाट्टेल ते विचारा. सगळं सांगते."

"सगळं सांगता ना? मंग खरं सांगा. पूरी मिलच बंद करून राहिले ना?"

"नाही. फक्त निवड खातं. मिल चालू राहणार आहे."

"असंच म्हणत असते," मागून गोदावरीबाई म्हणाली. "शेठजीही असेच म्हणत. काही नाही होत बाई, काही नाही होत. अना मिल इकून मोकळे झाले."

"मी शेठजी नाही," अंजू म्हणाली. "म्हणून तर आधी सांगते आहे. पॅकिंगमध्ये काही जणींना घेणार आहेत. सगळ्यांना नाही. कोणाला घेणार ते अजून ठरलेलं नाही, ठरलं की त्याच दिवशी सांगीन."

"ठरलं नाही म्हणजे ठरलंच आहे," ललिताबाई बाकीच्यांकडे वळून म्हणाली, आणि सगळ्यांनी माना हलवल्या, जणू अंजूने तेच म्हटलं होतं. अंजूच्या मनात आलं, मी यांच्यासाठी साहेबांशी भांडले. मी यांच्यासाठी आत्ता इथे बसले आहे, माझा बाप तिकडे जमिनीवर ठेवला आहे आणि मी इथे बसले आहे, आणि यांना माझा एक शब्द खरा वाटत नाही. तिने पुन्हा सांगितलं. दुसऱ्या शब्दांत सांगितलं. आईची शप्पथ घेते म्हणाली आणि जीभ चावली. त्या ऐकत होत्या, मान डोलावत होत्या, आणि ती जे बोलत होती त्याच्या मागे काय आहे ते तिच्या चेहऱ्यावर शोधत होत्या. सुपातला काळा दाणा शोधावा तशा. बोलता बोलता तिला मध्येच बाबा दिसत होते. शेतात रचलेल्या पुंजण्याशी उकिडवे बसलेले, धानाच्या पेंढीतून एक लोंबी ओढून तळहातावर चोळून फुंकर मारणारे, मग दाणा दाताखाली घेऊन म्हणणारे, अजून ओला आहे. तिला भंडाऱ्याला शिकायला ठेवलं तेव्हा भावकी हसली होती. तेव्हा बाबा म्हणाले होते, तिले बोलता येते, बोलून खाईल. ती खरंच बोलून खात होती. बाबांना कधी म्हणालो नाही आपण हे. आता ते आठवून तिचा आवाज एकदा चिरकला, आणि गोदावरीबाई शेजारणीला म्हणाली, पाह्य, हिलेही काढून राहिले वाटते.

शेवटी त्यांचं बोलून संपलं. संपलं म्हणजे थकल्या. एकेक उठली, पदर झटकले, कुणी वाईट बोललं नाही. ललिताबाई तेवढी जाता जाता जवळ आली आणि तिने अंजूच्या हातावर हात ठेवला. "बसल्या तं खरं आमच्यापाशी, मॅडम. बाकीचे बोलून निंगून जाते." याच एका वाक्यासाठी आपण इतका वेळ बसलो असं अंजूला वाटलं, आणि तिला पहिल्यांदा रडू आलं. पर्समध्ये फोनवर अमरचे कितीतरी मिस्ड कॉल होते. तिने ते पाहिले आणि परत फोन लावला नाही. कशाला त्याला पुन्हा खोटं बोलायला लावायचं? बिचारा एकटा सगळं करत असेल, लाकडं, बांबू, माणसं. त्यात आणखी बहिणीसाठी बाप जिवंत ठेवायचा.

तुमसरला गाडी बदलायची होती. बपेऱ्याची गाडी लागलेली होती, पण कापड न्यायला हवं हे तिला स्टँडवर उतरल्यावर आठवलं. लेकीने बापावर घालायचं कापड, ते दुसऱ्या कुणी आणलं तर चालत नाही. आईच्या वेळी तिच्या हातात भाताचा डबा होता आणि कापड काकीने आपल्या पेटीतून काढून दिलं होतं. ती सल तिला होतीच. ती बाजाराकडे वळली. दुकानदाराने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि न विचारता पांढरं कोरं कापड काढलं, फाडलं, कागदात न बांधता तसंच घडी करून दिलं. घासाघीसही केली नाही तिने. परत आली तोवर गाडी गेली होती, पुढच्या गाडीसाठी ती सिमेंटच्या बाकावर बसून राहिली. कोऱ्या कापडाचा खळीचा वास पिशवीतून येत होता. बस निघाल्यावर तिने डोकं खिडकीला टेकलं आणि मनसोक्त रडून घेतलं. बाहेर धान कापलेल्या रिकाम्या बांध्या, कडेच्या धुऱ्यांवर तुरी, मळणीच्या मशीनमागे उडणारा भुसा. शेजारच्या बाईने काही विचारलं नाही, फक्त थोडी सरकली. रस्त्यात रडू द्याचं का तुले, बेटी. रडले बाबा, ती मनात म्हणाली. काही नाही झालं मला. रस्त्यातच रडून घेतलं, आता घरी येऊन तुमचं सगळं नीट करीन.

अंगणात माणसं होती. दुपट्टे, खाली घातलेल्या माना, सगळं ओळखीचं. या वेळी ती न थांबता पुढे चालत गेली. चंद्रभागाकाकी पुढे आली आणि गळ्यात पडली. "आत्ता गेले वं बेटी! आत्ताच गेले! तुझ्या वाटेकडे डोळे लावून होते!" अंजू तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. हेही असंच म्हणायचं असतं, तिला माहीत होतं. आत्ताच गेले, तुझंच नाव घेत होते. कुठल्या लेकीला हे सांगितलं नाही? घरात बाबांना खाली घेतलं होतं. ती उशाशी बसली, त्यांच्या कपाळावर हात ठेवला, कपाळ गार होतं. मग तिने लहानपणी ताप पाहायला ते तिच्या मानेखाली हात घालत तसा त्यांच्या मानेखाली हात घातला.

मान गरम होती.

तिने हात तसाच ठेवला. तिला वाटलं तिचाच हात गरम आहे. तिने दुसरा हात घातला. समोर भावजय, डिंपल, भिंतीला टेकून बसली होती, डोळे सुजलेले, हातात अजून चमचा आणि पाण्याची वाटी. "गाडीचा आवाज आला का मान फिरवत," डिंपल रडत सांगत होती. "अंजू कुठंवर आली म्हणत. आमी म्हणू, निंगाली, मोहाडी सोडली असंल. मंग थोड्या वेळानं पुन्हा इचारत. आमी म्हणू, तुमसरले आली. मंग म्हणे, तं मंग आलीच. सिहोरा, मंग आलीच. असे खुश झाले ताई. आता ही गाडी याच्या जरासंक आधी..." आणि तिला पुढे बोलवेना.

अमर दारात उभा होता. तो आत आला, पिशवीतून बाहेर डोकावणारं कापड त्याने पाहिलं, आणि पाहतच राहिला. "हे कुठून घेतलं?"

"तुमसरहून."

"तुमसरहून?" त्याला उमगायला वेळ लागला, अमरला सगळ्यालाच वेळ लागतो. "मी तं गेल्याचा फोन केलाच नाही तुले. तू रस्त्यात असशीन म्हणून. तवा तं बाबा..." तो थांबला. डिंपलने वाटी खाली ठेवली.

"गाडी भेटली नसंल पोरीले," चंद्रभागाकाकी मागून घाईने म्हणाली. "आजकाल गाड्याइचा काही भरोसा नाही. अना कापड कोणीतरी दिलं असंल सांगून. तू नोको इचारू आता काही." तिने अंजूच्या डोक्यावर हात ठेवला. सगळ्या बायकांनी हो हो केलं. एका हो मध्ये सगळं झाकलं गेलं असतं. घरातली सगळी माणसं ते झाकायला पुढे सरसावली होती, आणि अंजूला त्यांच्या मायेचा एवढा उमाळा आला की आपण हो म्हणू असं तिला क्षणभर वाटलं. पण बाबांची मान तिच्या तळहातावर होती आणि हळूहळू तिचा गरमपणा कमी होत होता.

"गाडी होती," ती म्हणाली. "मी मिलमध्ये मीटिंग करत बसली होती. तुझा फोन आला तेव्हाच मला वाटलं बाबा गेले. मला वाटलं, तू आईच्या वेळसारखंच सांगून राहिला. म्हणून नाही निघाली. नंतर तुझे फोन पाहिले, तेही नाही उचलले." आणि मग सांगण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून ती तिथेच बसून राहिली, अमर काय म्हणेल ते ऐकायला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. बाहेर कुणीतरी कुऱ्हाडीने बांबू तोडत होतं. अमर तिच्या शेजारी खाली बसला, बाबांच्या पायाच्या बाजूला.

"मंग कसं सांगतलं असतं, ताई," त्याने हळू विचारलं, "तं तू आली असती?"

रागाने नव्हे. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. अमर उत्तराची वाट पाहत तिच्याजवळ बसून राहिला.